मर्चंट न गेलेला दौरा

दिंडोरीहून आपल्या इतिहासाच्या गप्पांचा हा नवा भाग, लेखी रूपात. ऐकताना आकडे निसटून जातात, म्हणून ज्यांना सावकाश वाचायचंय त्यांच्यासाठी.

सीझन सुरू व्हायच्या आधी आपण सगळे काय करतो? मोबाईल उघडतो आणि कोण फिट, कोण अनफिट ते बघतो. आयपीएल असो, प्रो कबड्डी असो, नाहीतर गावातली टेनिस बॉलची टूर्नामेंट. मेन बॉलरचा पाय मुरगळला म्हटलं की पारावरची अर्धी मंडळी टीमला तिथंच बाद करून टाकतात. यंदा काही खरं नाही, बस.

ऑस्ट्रेलियात तर या गोष्टीचं वेडच आहे. त्यांचा स्वतःचा एक फुटबॉल आहे, लंबगोल चेंडूचा, क्रिकेटच्याच मोठ्या मैदानावर अठरा-अठरा जणांनी खेळायचा. मार्च ते सप्टेंबर सीझन, आणि त्याआधीचे चार महिने नुसता सराव. या काळात कोणाचा गुडघा गेला, कोणाची मांडी भरली, याची चर्चा तिथं हवामानाच्या बातमीसारखी चालते. मजा म्हणजे हा खेळ निघालाच मुळात फिटनेसच्या चिंतेतून. १८५८ साली मेलबर्नच्या टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूनं पेपरात पत्र लिहिलं, की हिवाळ्यात आपले क्रिकेटर बसून बसून जड होतात, त्यांच्यासाठी एखादा फुटबॉलचा क्लब काढा. पुढच्याच वर्षी, मे १८५९ मध्ये, मेलबर्न क्लबच्या लोकांनी नियम लिहून काढले. म्हणजे क्रिकेटरनं तंदुरुस्त राहावं म्हणून सुचवलेला खेळ, आणि आज त्यातल्याच दुखापतींची यादी सगळ्यात लांब!

पण आपला आजचा विषय तो खेळ नाही. आपला विषय आहे त्याच मैदानांवर गेलेली एक भारतीय टीम, जी निघण्याआधीच निम्मी खिळखिळी झाली होती. साल १९४७.

ऑस्ट्रेलियाला जाणारी ही पहिलीच भारतीय टीम. आणि देश स्वतंत्र झाल्यानंतरचा हा पहिला दौरा. कॅप्टन ठरले होते मुंबईचे विजय मर्चंट. आता मर्चंट म्हणजे काय चीज, हे आपल्या पिढीला फारसं माहीत नसतं. फर्स्ट क्लास क्रिकेटमध्ये त्यांची सरासरी ७१.६४. कारकीर्दभराच्या सरासरीत त्यांच्या वर नाव लागतं ते डॉन ब्रॅडमनचं. १९४६ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी २३८५ धावा केल्या होत्या. ओव्हलच्या कसोटीत १२८ वर असताना ते रनआऊट झाले, तेही कसे? डेनिस कॉम्प्टननं चेंडू हातानं उचललाच नाही, सरळ पायानं स्टंपवर मारला. कॉम्प्टन आर्सेनलकडून फुटबॉल खेळायचा ना!

तर हे मर्चंट. आणि ऐन दौऱ्याच्या तोंडावर त्यांच्या प्रकृतीनं साथ सोडली. नाव मागे घ्यावं लागलं.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. मर्चंट यांच्यासोबत १९३६ ला मँचेस्टरमध्ये २०३ धावांची सलामी देणारे मुश्ताक अली, त्यांचे थोरले बंधू वारले आणि तेही थांबले. रुसी मोदी, ज्यांनी १९४४-४५ ला रणजी ट्रॉफीच्या एका सीझनमध्ये पहिल्यांदा हजारावर धावा काढल्या होत्या, तेही गेले नाहीत. म्हणजे वरच्या फळीतले तीन खांब गळाले.

आणि चौथा खांब? तो कोणत्याही डॉक्टरला बरा करता आला नसता. लाहोरचे फझल महमूद, विशीतले फास्ट मीडियम बॉलर. दौऱ्यासाठी त्यांची निवड झाली होती. सरावाचं शिबिर होतं आपल्या पुण्यात, ऑगस्ट १९४७ मध्ये. आजच्या भाषेत प्री-सीझन कॅम्प. तारखा बघा फक्त! इकडे पुण्यात पावसात सराव, आणि तिकडे पंजाबमध्ये काय चाललं होतं ते तुम्ही शाळेत वाचलंय. फझल यांनी पुढे सांगितलेली आठवण अशी, की शिबिरानंतर पुण्याहून मुंबईला येताना आगगाडीत काही लोक त्यांच्या अंगावर धावून आले, तेव्हा सी. के. नायडू बॅट घेऊन मध्ये उभे राहिले. फझल लाहोरला पोचले आणि तिथलेच झाले. १९५४ ला ओव्हलवर पाकिस्ताननं इंग्लंडला हरवलं, त्या सामन्यात त्यांनी १२ बळी घेतले.

दुखापतींच्या यादीत फाळणी लिहायला रकाना नसतो, पण माझ्या मते या टीमची सगळ्यात मोठी दुखापत तीच होती. मर्चंट नसल्याची हळहळ सगळे करतात. पण बॅट्समन आपल्याकडे आणखी होते. फझलच्या तोडीचा बॉलर दुसरा नव्हता.

कॅप्टन झाले लाला अमरनाथ. टीम उरली त्यात आपली मराठी माणसं बरीच: सांगलीचे विजय हजारे, कोल्हापूरचे दत्तू फडकर, पुण्याचे हेमू अधिकारी, मुंबईचे खंडू रांगणेकर, इंदूरकडून खेळणारे चंदू सरवटे. यातल्या सरवटेंवर जरा थांबूया. आदल्या वर्षी सरेविरुद्ध ते दहाव्या नंबरवर बॅटिंगला गेले होते, आणि अकराव्या नंबरच्या शुटे बॅनर्जींसोबत त्यांनी २४९ धावांची भागीदारी केली होती. ती अजून गाजते. पण ऑस्ट्रेलियात त्यांना करायला लागली ओपनिंग! लिंडवॉल आणि मिलरसमोर. जोडीला विनू मांकड, जे आधीच टीमचे मुख्य स्पिनर. दिवसभर बॉलिंग टाकायची आणि मग पॅड बांधून पहिल्यांदा आत जायचं. दोन माणसं गेली की तिसऱ्याच्या खांद्यावर काय काय येतं, ते हे असं.

समोर कोण होतं? ब्रॅडमन. आणि इथं गंमत आहे. ब्रॅडमनला १९४१ मध्ये सैन्यातून सोडलं होतं ते स्नायूंच्या दुखण्यामुळे. युद्ध संपल्यावर तो पुन्हा खेळेल की नाही, याचीच शंका होती. म्हणजे फिटनेसच्या यादीत दोन वर्षांपूर्वी तोही ‘अनिश्चित’मध्येच बसला असता. १९४७ मध्ये वय ३९. आणि त्यानं आपल्याविरुद्ध पाच कसोटींत किती केल्या? ७१५. त्याच्यासोबतचा कीथ मिलर तर उन्हाळ्यात कसोटी खेळायचा आणि सेंट किल्डा क्लबकडून तो मघाचा लंबगोल चेंडूचा फुटबॉलही खेळलेला होता.

दौऱ्याची सुरुवात काही वाईट नव्हती. अमरनाथ यांनी व्हिक्टोरियाविरुद्ध नाबाद २२८ केल्या. सिडनीला ऑस्ट्रेलियन इलेव्हनविरुद्धचा सामना आपण जिंकला, ज्यात ब्रॅडमननं आपलं शंभरावं फर्स्ट क्लास शतक काढलं होतं. मग आली ब्रिस्बेनची पहिली कसोटी. २८ नोव्हेंबर.

आता आमच्या दिंडोरीकडच्या लोकांना एक गोष्ट समजावून सांगायला लागत नाही. ऑक्टोबरला छाटणी झाली, फुटवा छान निघाला, घड दिसायला लागले, आणि फुलोऱ्यात पाऊस आला, की मेहनत कोणाची किती याला काही अर्थ राहत नाही. तेव्हाची पिच उघडी असायची, झाकायची पद्धत नव्हती. ऑस्ट्रेलियानं आधी बॅटिंग केली, ब्रॅडमनच्या १८५, आठ बाद ३८२ वर डाव सोडला. मग पावसानं भिजलेल्या पिचवर आपली पाळी. सगळे बाद ५८. एर्नी टोशॅक नावाच्या डावखुऱ्यानं २ धावांत ५ बळी घेतले. दोन धावा, पाच बळी! दुसऱ्या डावात ९८. एक डाव आणि २२६ धावांनी हार.

मर्चंट असते तर? खरं सांगायचं तर त्या पिचवर मर्चंटही फार टिकले असते असं मला वाटत नाही. पण सिडनीला, जिथं पावसानं सामना अनिर्णित सोडला आणि ऑस्ट्रेलिया १०७ वर गुंडाळली गेली होती, तिथं एक पक्का ओपनर असता तर निकाल वेगळा लागू शकला असता. मालिकेत आपल्याला खरी फट दिसली ती तिथंच. मेलबर्नला तिसऱ्या कसोटीत मांकड आणि सरवटे, आपली ही तात्पुरती जोडी, चक्क १२४ ची सलामी देऊन गेली. मांकडनी ११६ केल्या. तरी सामना हरलो.

सिडनीच्याच कसोटीत एक पोरगा पहिल्यांदा खेळला. दत्तू फडकर. १२ डिसेंबर, त्याचा बाविसावा वाढदिवस. ५१ धावा आणि १४ धावांत ३ बळी. जे गेले नाहीत, त्यांच्या जागा रिकाम्या होत्या, म्हणून याला दार उघडलं, असंही म्हणता येईल. मग चौथी कसोटी, ॲडलेड. ऑस्ट्रेलिया ६७४. आपले पाच बाद १३३, आणि तिथून सांगलीचे हजारे आणि कोल्हापूरचे फडकर यांनी १८८ ची भागीदारी केली. हजारे ११६, फडकर १२३. दुसऱ्या डावात हजारेंनी परत १४५. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे ते पहिले भारतीय. त्या दुसऱ्या डावात आपले सहा जण शून्यावर बाद झाले होते. सहा! अधिकारींनी ५१ काढून साथ दिली नसती तर हजारेंचं शतकही अडकलं असतं कदाचित. टीम २७७, हार एक डाव १६ धावांनी.

ॲडलेडची कसोटी संपली २८ जानेवारी १९४८ ला. पाचवी सुरू व्हायची होती ६ फेब्रुवारीला. मध्ये ३० जानेवारी. गांधीजींची हत्या झाली, आणि आपली पोरं घरापासून हजारो मैल दूर. या अवस्थेतही मांकडनी पाचव्या कसोटीत १११ केल्या, हजारेंनी ७४. त्याच कसोटीत ब्रॅडमन ५७ वर दुखावून परत गेला. मालिकेत त्याला थांबवणारी दुखापत आली, तेव्हा ३-० झालेलंच होतं. शेवटी ४-०.

आता उडी मारूया ७३ वर्षं पुढे. तेच ब्रिस्बेन, तेच गॅबा. जानेवारी २०२१. ईशांत शर्मा दौऱ्याआधीच आयपीएलमध्ये दुखावलेला. शमीचा हात ॲडलेडला मोडला, तिथंच आपण ३६ वर सगळे बाद. उमेश, जडेजा, राहुल, विहारी, अश्विन, शेवटी बुमराह, एकेक करून सगळे बाहेर. कोहली बाळंतपणासाठी घरी परतलेला. कॅप्टन आपला संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा अजिंक्य रहाणे. गॅबाला उतरलेल्या पाच बॉलर्सचा अनुभव किती? सगळ्यांच्या मिळून आधीच्या कसोट्या चार. त्यातली शार्दूल ठाकूरची एक म्हणजे हैदराबादला दहा चेंडू टाकून मांडीचा स्नायू धरून बाहेर पडलेली. आणि हाच पालघरचा शार्दूल तिथं ६७ धावा करतो, सात बळी घेतो, वॉशिंग्टन सुंदरसोबत १२३ जोडतो. ३२८ चं लक्ष्य, तीन गडी राखून जिंकलो. गॅबावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर हरलीच नव्हती.

मग १९४७ ची टीम का कोसळली आणि २०२१ ची का नाही? ‘जिद्द’ हे उत्तर मला पटत नाही. हजारेंकडे जिद्द कमी होती का? फरक मागच्या रांगेत होता. सिराज, सैनी, सुंदर हे ‘अ’ संघाच्या दौऱ्यांतून आणि आयपीएलमधून घडून आलेले. नेटसाठी म्हणून सोबत नेलेल्या नटराजनलाही कसोटी खेळवता आली. १९४७ मध्ये आधीची सगळी दहा वर्षं मिळून भारत फक्त तीन कसोटी खेळला होता, १९४६ च्या. मर्चंटच्या जागी पाठवायला दुसरा मर्चंट कुठून तयार होणार?

आणि मर्चंट? त्यांची पूर्ण कारकीर्द बघा: अठरा वर्षांत कसोटी फक्त दहा. सगळ्या इंग्लंडविरुद्ध. ऑस्ट्रेलियात एकही नाही. १९४८-४९ ला वेस्ट इंडिज इथं आली तेव्हाही तब्येतीमुळे ते खेळले नाहीत. नोव्हेंबर १९५१, दिल्ली. वय चाळीस. इंग्लंडविरुद्ध १५४, त्यांची कसोटीतली सर्वांत मोठी खेळी. भारताकडून इतक्या वयात कसोटी शतक दुसऱ्या कुणी केलेलं नाही. त्याच सामन्यात फील्डिंग करताना खांदा दुखावला आणि ते परत कसोटी खेळले नाहीत. शतक आणि निवृत्ती, एकाच सामन्यात.

पुढे ते रेडिओवर आले. विविध भारतीवर रविवारी ‘क्रिकेट विथ विजय मर्चंट’ लागायचं, घरातल्या आजोबांना विचारून बघा, आठवत असेल. आणि १९७१ ला निवड समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी आपलं निर्णायक मत टाकून पतौडींच्या जागी अजित वाडेकरांना कॅप्टन केलं. ती गोष्ट पुढच्या भागात.