कुंडींतील मूर्वा

कोणत्याहि पाहुण्यास घरांत घेण्यापूर्वीं त्याचें कुळ व गांव विचारण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. झाडांच्या बाबतींत ती आतां सुटत चालली आहे. बाजारांतून कुंडी येते, तिजबरोबर एखादी छापील चिठ्ठी येते, आणि त्या चिठ्ठींत जें लिहिलें असेल तेंच त्या झाडाचें पुराण होऊन बसतें. अशाच एका पुराणाची छाननी करण्याचा प्रसंग आम्हांवर आगरदांड्यास आला.

आगरदांडा हें पूर्वींच्या कुलाबा व हल्लींच्या रायगड जिल्ह्यांतील मुरूड तालुक्याचें बंदर. राजपुरी खाडीच्या उत्तर तीरावर तें वसलें असून समोरच्या तीरावर दिघी आहे. दोहोंमध्यें तरीची ये-जा चालते, आणि खाडीच्या मुखाशीं जंजिऱ्याचा जलदुर्ग उभा आहे. गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीं तरीची वाट पाहत आम्ही धक्क्याच्या वाटेवरील एका कौलारू घराच्या ओटीवर टेंकलों. घरधनी त्याच दिवशीं मुंबईहून येऊन कुलूप काढीत होते. ओटीवरील तुळस वाळून गेली होती, मोगऱ्याच्या काटक्या झाल्या होत्या. मात्र भिंतीच्या कडेस एका कुंडींत पिवळ्या कांठाचीं, आडव्या गडद पट्ट्यांचीं, तलवारीसारखीं पानें ताठ उभीं होतीं. शिमग्यानंतर तिला कोणीं पाण्याचा थेंब घातला नव्हता. बाजारांत हिला स्नेक प्लँट म्हणतात.

घरधन्यांनीं जपून ठेवलेली तिची चिठ्ठी आम्हांस दाखविली. तींत तीन विधानें होतीं : ही वनस्पति म्हणजे आपल्या ऋषींची मूर्वा होय, ही घरांतील विषारी हवा शुद्ध करते, आणि इतर झाडांप्रमाणें न वागतां ही रात्रीं प्राणवायु सोडते. मग ते हळूच म्हणाले कीं, मुंबईस नातवाला दम्याचा विकार आहे, म्हणून सुनेनें त्याच्या निजण्याच्या खोलींत अशा सहा कुंड्या ठेवल्या आहेत, व शुद्ध झालेली हवा बाहेर जाऊं नये म्हणून खिडक्या बंद असतात. "आपण लिहिणारीं वाचणारीं माणसें, हें खरें कीं काय तें सांगा," असें त्यांनीं विचारलें. तरी लागली होती म्हणून उत्तर तेव्हां देतां आलें नाहीं. तें आज सविस्तर देत आहों.

पहिलें विधान कुळाचें. मूर्वा हें नांव संस्कृत ग्रंथांत फार जुनें आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत उपनयनाच्या मेखलेचा विचार आला आहे. ब्राह्मणाची मेखला मुंज गवताची, क्षत्रियाची मूर्वेची, धनुष्याच्या दोरीच्या रूपाची, आणि वैश्याची तागाची असावी असा तेथें निर्णय आहे. ह्यांपैकीं मुंज मराठींत इतकी रुजली कीं, संस्कारालाच आपण मुंज म्हणूं लागलों. मूर्वेचें भाग्य तसें नव्हतें. तिजपासून निघालेला 'मौर्वी' हा धनुष्याच्या दोरीचा शब्द अमरकोशांत बसला व काव्यांतून फिरत राहिला. परंतु धनुष्यें गेलीं, बंदुका आल्या, आणि मूर्वा म्हणजे शिवारांतील कोणतें झुडूप हें विचारण्याचें कारण वैद्यांखेरीज कोणास उरलें नाहीं.

वैद्यांचेंहि एकमत झालें नाहीं. महाराष्ट्रांत मोरवेलीस मूर्वा म्हणत, बंगाल्यांत तलवारपात्याच्या एका झाडास म्हणत, आणि सरकारी आयुर्वेदिक औषधिकोशानें मार्सडेनिया नांवाच्या एका वेलीस तो मान दिला. अमरकोशांतील मूर्वेचे पर्याय पाहिले तर त्यांत मधुरसा, गोकर्णी, पीलुपर्णी अशीं नांवें आढळतात. गाईच्या कानासारखें पान असलेली म्हणून गोकर्णी, हें नांव रुंद पानाच्या वेलीस शोभतें. तलवारीसारख्या पानास तें कसें लागावें? तेव्हां एकाच नांवाखालीं निरनिराळ्या प्रांतांतील निरनिराळ्या दोरखंडी वनस्पति एकत्र आल्या असाव्या, असें आमचें मत आहे. जी वनस्पति धनुष्याला दोरी देई ती मूर्वा. नांव जातीपेक्षां कामावरून पडलें असावें.

बंगाली मूर्वेचा पाश्चात्य ग्रंथांतील इतिहासहि मनोरंजक आहे. डच अंमलदार व्हान ऱ्हीड ह्यानें कोचीन येथें सिद्ध करविलेल्या 'हॉर्टस मलबारिकस' ह्या बारा खंडांच्या ग्रंथांत (१६७८–१६९३) ह्या कुळांतील झाड 'काटु-कापेल' ह्या नांवानें आलें आहे. ह्याच ग्रंथास रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट ह्या तीन कोंकणी वैद्यांनीं साह्य केलें होतें, व त्यांची १६७५ सालची साक्ष नागरी अक्षरांत त्यांत छापिली आहे. पुढें सर विल्यम जोन्स ह्यांनीं हिंदी वनस्पतींवरील आपल्या टिपणांत, मनूची मूर्वा ती हीच, असें म्हटलें. तीं टिपणें १७९४ मध्यें त्यांचा अंत झाल्यावर प्रसिद्ध झालीं. नंतर कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग ह्यांनीं तिच्या पानांतून तंतु काढून पाहिले. सुमारे ४० रत्तल ओल्या पानांतून एक रत्तल स्वच्छ तंतु निघाला, आणि त्याची दोरी रशियन तागाच्या दोरीपेक्षां सरस ठरली. १८२९ मध्यें तिला जें शास्त्रीय नांव मिळालें त्यांत रॉक्सबर्गचेंच स्मरण आहे. गंमत अशी कीं, मार्सडेनियाच्या वेलीपासून राजमहालच्या डोंगरांतील लोक धनुष्याच्या दोऱ्या करितात, हेंहि रॉक्सबर्ग ह्यांनींच नमूद करून ठेविलें आहे. म्हणजे वादांतील दोन्ही पक्षांचा साक्षीदार एकच!

परंतु हें सर्व झालें हिंदी झाडाविषयीं. त्याचीं पानें अरुंद व पन्हळीसारखीं खोलगट असतात. आगरदांड्याच्या ओटीवरील पानें सपाट, रुंद व पिवळ्या कांठाचीं होतीं. ती जात निराळी. तिचें माहेर पश्चिम आफ्रिका, नायजेरियापासून कांगोपर्यंतचा मुलूख. आश्चर्य हें कीं, तिचें बारसें मात्र हिंदुस्थानांत झालें. कलकत्त्याच्या त्याच उद्यानाचे प्रमुख डेव्हिड प्रेन ह्यांनीं १९०३ मध्यें 'बेंगॉल प्लँट्स' हा ग्रंथ लिहिला, त्यांत त्यांनीं तिला 'सॅन्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा' असें नांव दिलें. २०१७ पासून शास्त्रज्ञ तिला ड्रॅसीना ह्या मोठ्या कुळांत घालूं लागले आहेत. तेव्हां चिठ्ठींतील पहिलें विधान असें दुरुस्त करावें लागतें : ही मूर्वा नव्हे; जिला मूर्वा म्हणतां येईल अशा एका झाडाची ही परदेशी चुलत बहीण होय.

येथें एक मोह आवरणें इष्ट आहे. समोर जंजिरा, त्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेंतील हबशी, आणि झाडहि आफ्रिकेचें. तेव्हां तें सिद्द्यांच्या गलबतांतून येथें उतरलें अशी कथा रचण्यास कितीसा वेळ लागणार? परंतु सिद्द्यांचा संबंध त्या खंडाच्या पूर्व बाजूशीं, झाडाचा पश्चिमेशीं. शिवाय जंजिऱ्यावर सिद्द्यांची सत्ता सतराव्या शतकांतली, आणि हें झाड दारोदार पोंचलें तें अलीकडच्या रोपवाटिकांतून. दोन वस्तु एका खाडीवर शेजारीं दिसल्या म्हणजे त्यांचें नातें सिद्ध होत नाहीं. आपल्या इतिहासलेखनांत असल्या नात्यांनीं पुष्कळ घोटाळा केला आहे.

आतां हवेकडे वळूं. ह्या विधानाच्या मुळाशीं एक खरा प्रयोग आहे. अमेरिकेच्या नासा ह्या संस्थेसाठीं बी. सी. वुल्व्हर्टन ह्यांनीं १९८९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अहवालांत, हवाबंद पेटींत झाडें ठेवून त्यांत बेंझीन, फॉर्मल्डिहाइड इत्यादि वायु सोडले असतां त्यांचें प्रमाण घटतें, असें दाखविलें होतें. आणि त्या कामांत मुळांभोंवतालच्या मातींतील सूक्ष्म जंतूंचा वांटा मोठा होता. प्रश्न आकाशयानासारख्या बंद जागेचा होता. आपलें घर म्हणजे कांहीं हवाबंद पेटी नव्हे. दारांखिडक्यांच्या फटींतून सुद्धां हवा सारखी बदलत असते. २०१९ मध्यें दोघां अमेरिकन संशोधकांनीं अशा अनेक प्रयोगांचे आंकडे एकत्र करून हिशेब मांडला. घरांत सहज होणाऱ्या हवापालटाइतकें काम झाडांकडून घ्यावयाचें तर दर चौरस मीटरला १० पासून १००० पर्यंत झाडें लागतील, असें त्यांस आढळलें. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोली म्हणजे सुमारें नऊ चौरस मीटर. तेव्हां अगदीं कमींत कमी नव्वद कुंड्या ठेवाव्या लागतील, आणि मग मुलास निजावयास जागा राहणार नाहीं.

तिसऱ्या विधानांत अर्धें सत्य आहे, व अर्धें सत्य फार दिवस टिकतें. रुक्ष प्रदेशांतील कित्येक वनस्पतींप्रमाणें ही पानांचीं सूक्ष्म रंध्रें दिवसां मिटून घेते व रात्रीं उघडते. त्यामुळें उन्हांत तिचें पाणी उडून जात नाहीं. रात्रीं ती कर्बवायु आंत घेऊन आम्लाच्या रूपानें सांठविते व दुसऱ्या दिवशीं त्याचें अन्न करिते. परंतु प्राणवायु निघतो तो प्रकाशाच्या क्रियेंतून, आणि प्रकाश दिवसांच असतो. रात्रीं रंध्रें उघडीं असतात, एवढ्यावरून रात्रीं प्राणवायु सुटतो असें अनुमान कोणीतरी काढलें, व चिठ्ठी छापणाऱ्यांनीं तें उचललें.

मग ह्या झाडांत घेण्यासारखें कांहींच नाहीं काय? पुष्कळ आहे, आणि तें रंध्रांच्या ह्याच युक्तींत आहे. सहा महिने कुलूपबंद राहणाऱ्या कोंकणांतील घरास ह्याहून सोशिक सोबती मिळणें कठीण. त्याला मारण्याचा खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे माया करून रोज पाणी घालणें. माती तळापर्यंत सुकल्यावांचून पाणी घालूं नये. मातींत निम्म्याच्या जवळपास जाड वाळू किंवा विटांचा चुरा असावा, व कुंडीस भोंक असावें. आगरदांड्यासारख्या ठिकाणीं पागोळ्या पडतात तेथून कुंडी आंत ओढावी. तेथील पाऊस ह्या झाडाला वैऱ्यासारखा. अंधाऱ्या कोपऱ्यांत तें जगतें, पण वाढतें तें उजेडांत. पानाचा तुकडा खालचें टोंक खालींच ठेवून रोविला तर मुळें धरतो. मात्र पिवळ्या कांठाच्या पानापासून निपजलेलीं रोपें कांठ विसरून साधीं हिरवीं होतात. कांठ हवा असेल तर मुळाचा गड्डाच फोडून लावावा. पानांत सॅपोनिन नांवाचें द्रव्य असतें. तें पोटांत गेल्यास ओकाऱ्या होतात, म्हणून लहान मूल व मांजर ह्यांच्या तोंडापासून झाड दूर असावें.

आतां घरधन्यांस उत्तर. सहा कुंड्या खोलींतून काढून सज्ज्यांत ठेवाव्या. ओल्या मातींत बुरशी धरली तर ती दम्याच्या रोग्यास बाधूंहि शकते. खिडकी रोज कांहीं वेळ, रस्त्यावरची रहदारी विरळ असेल तेव्हां, उघडावी. उदबत्तीचा व स्वयंपाकाचा धूर बाहेर जाऊं द्यावा, आणि औषध वैद्यकाच्या सल्ल्यानें चालूं ठेवावें. सुनेचा दोष कांहीं नाहीं. आजारी मुलाच्या आईस कोणी आशेची चिठ्ठी दिली तर ती ती वाचणारच. दोष चिठ्ठी लिहिणाराचा आहे. आपल्या ऋषींचें नांव व परदेशच्या प्रयोगशाळेचें नांव एकाच ओळींत आलें म्हणजे आपली शंका घेण्याची शक्ति लुळी पडते, हें त्यास पक्कें ठाऊक असतें.

त्या दिवशीं तरीवर चढतांना आम्हीं मागें वळून पाहिलें. घरामागचें आगर ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळांत आडवें झालें होतें. तेथें आतां चार-दोन माडांचे शेंडे व गवत एवढेंच दिसत होतें. पोफळ लावल्यापासून फळावर यावयास पांच-सात वर्षें लागतात, आणि तोंवर तिला पाणी घालणारें माणूस गांवांत लागतें. पाणी न मागणारें झाड ओटीवर उरलें, पाणी मागणारें आगर गेलें. ह्यांत झाडाचा पराक्रम थोडा व ओस पडलेल्या घराची गोष्ट अधिक आहे. नातवाची सुट्टी त्या आगरांत जावी, इतपत तरी तें पुनः उभें राहो.