आयर्नमॅनचे नियम आणि पाण्याचा हिशोब

संशोधनाची तयारी करताना आपण पेपर वाचायला शिकतो, पण नियमपुस्तिका कशी वाचायची ते कुणी शिकवत नाही. खरं तर बऱ्याच नियमांच्या मागे एखादं जुनं निरीक्षण असतं. कुणीतरी काहीतरी पाहिलं, मोजलं, त्यावरून एक ओळ छापली. पुढे निरीक्षण विसरलं जातं, ओळ तेवढी राहते. आज लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनचं, म्हणजे आपल्याकडे सरसकट ज्याला आयर्नमॅन म्हणतात त्याचं, उदाहरण घेऊ. हा खेळ तसा तरुण आहे, त्यामुळे नियमांचा माग काढणं सोपं जातं.

18 फेब्रुवारी 1978, हवाईतलं ओआहू बेट. अमेरिकन नौदलातले अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी यांनी बेटावरच्या तीन वेगवेगळ्या स्पर्धांची अंतरं एकापुढे एक जोडली: 3.8 किलोमीटर पोहणं, 180 किलोमीटर सायकल आणि 42.2 किलोमीटर पळणं. 15 जण उतरले, 12 पोहोचले. सगळेच नवखे, कारण ही शर्यत त्याआधी कुणी केलेलीच नव्हती! पाण्याची सोय ज्याची त्याने करायची. दुसरा आलेला जॉन डनबार याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं, तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. पहिला आला गॉर्डन हॅलर, 11 तास 46 मिनिटांत. स्वतः कॉलिन्स यांना 17 तास आणि 38 सेकंद लागले.

तो आकडा लक्षात ठेवा. आज पूर्ण आयर्नमॅनसाठी साधारणपणे एकूण 17 तास मिळतात आणि त्यातलं पोहणं 2 तास 20 मिनिटांत संपवावं लागतं. म्हणजे ज्याने ही शर्यत काढली, तो आजच्या नियमाने 38 सेकंदांनी बाद. 1981 मध्ये वॉल्ट स्टॅक नावाचे 73 वर्षांचे गृहस्थ 26 तास 20 मिनिटांनी पोहोचले होते. नंतर वेळेची मर्यादा आली. पहाटे शेकडो लोक समुद्रात सोडायचे, रस्ते अडवायचे, स्वयंसेवक आणि डॉक्टर उभे ठेवायचे, तर कुठेतरी 'आता पुरे' म्हणावंच लागतं. यात शरीरशास्त्र कमी आणि व्यवस्थापन जास्त आहे, असं मला वाटतं. नवख्यांना मात्र सगळ्यात जास्त धास्ती याच नियमाची असते.

पाण्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. सुरुवातीच्या शर्यतींत वाटेत वजनकाटे ठेवलेले असायचे. वजन फार उतरलं तर स्पर्धकाला थांबवायचं, कारण भीती होती ती शरीर कोरडं पडण्याची. त्या काळात तहान लागायच्या आधीच प्या, जमेल तितकं प्या, असा सल्ला सर्रास दिला जाई. मग 1985 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी चार खेळाडूंची नोंद छापली. सात तासांहून लांब स्पर्धांमध्ये हे चौघं आजारी पडले होते, आणि कारण निघालं पाणी जास्त होणं. चारच माणसं! अशा छोट्या 'केस सिरीज'ला आपण सेमिनारमध्ये नाक मुरडतो. पण प्रश्न तिथूनच सुटायला लागला.

यामागची यंत्रणा अशी. खूप वेळ व्यायाम चालू असताना लघवी रोखणारं संप्रेरक वाढलेलं राहू शकतं. त्यात गरजेपेक्षा जास्त द्रव पोटात गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं. ते लिटरमागे 135 मिलिमोलच्या खाली गेलं की त्याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. फार खाली गेलं तर मेंदूला सूज येते, जीवही जाऊ शकतो. सावकाश जाणाऱ्याला धोका जास्त, कारण त्याला प्यायला वेळही जास्त मिळतो. पहिल्यांदा उतरणारे बहुतेक याच गटातले.

1997 च्या न्यूझीलंड आयर्नमॅनमध्ये डेल स्पीडी आणि सहकाऱ्यांनी 330 जणांचं रक्त तपासलं. त्यातल्या 58 जणांचं, म्हणजे 18 टक्क्यांचं सोडियम कमी होतं. पुढच्या वर्षी आयोजकांनी पाण्याचे थांबे कमी केले: सायकलवर दर 12 ऐवजी 20 किलोमीटरला, पळताना दर 1.8 ऐवजी 2.5 किलोमीटरला. या त्रासासाठी वैद्यकीय मदत लागलेल्यांची संख्या 25 वरून 4 वर आली. दोन्ही वर्षी स्पर्धक साडेसहाशेच्या आसपास होते.

इथे थांबा आणि परीक्षकाच्या डोळ्यांनी बघा. कंट्रोल गट नाही. दोन वर्षांचं हवामान एकच असेल असं नाही. शिवाय स्पर्धकांना आधी समजावूनही सांगितलं होतं, मग फरक थांब्यांमुळे पडला की समजावण्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. तरीही मी हा पुरावा मानते. यंत्रणा आधीच माहीत होती, बदल अपेक्षित दिशेनेच झाला, आणि पुढे 2005 मध्ये बॉस्टन मॅरेथॉनच्या 488 धावपटूंवरच्या अभ्यासातही शर्यतीत वजन वाढणं हाच सर्वांत ठळक धोक्याचा संकेत निघाला. काटा तोच, वाचन उलटं: आधी वजन उतरलं की घाबरायचे, आता चढलं की घाबरतात.

पोहण्याच्या नियमांमागे याहून गंभीर आकडे आहेत. 2010 मध्ये 'जामा'त आलेल्या अमेरिकी अभ्यासात सुमारे 9 लाख 59 हजार सहभागांमागे 14 मृत्यू नोंदले गेले आणि त्यातले 13 पोहताना झालेले. छेदात सहभाग आहेत, माणसं नव्हेत; एकच माणूस वर्षात चारदा मोजला गेला असू शकतो. असे छेद नेहमी तपासा. सगळ्यांनी एकदम पाण्यात उडी घेण्याऐवजी थोडे थोडे सोडायची पद्धत गेल्या दशकात पसरली, त्याला या काळजीची पार्श्वभूमी आहे. दम लागला तर बोया किंवा कयाक धरून थांबायला परवानगी असते, फक्त त्याच्या आधाराने पुढे सरकायचं नाही. नवख्यांनी हा नियम पाठच करावा. वेटसूटचं गणित तापमानावर: आयर्नमॅनच्या नियमात पाणी 24.5 अंशांपर्यंत असेल तर हौशी स्पर्धकांना तो चालतो, त्यापुढे घातला तर बक्षिसावर पाणी सोडायचं, आणि 28.8 च्या वर सरळ बंदी.

पळण्याच्या नियमांत एक मजेशीर मतभेद आहे. आयर्नमॅनच्या नियमांनुसार पळा, चाला किंवा रांगा, सगळं चालतं. वर्ल्ड ट्रायथलॉनच्या नियमांत रांगलात की बाद. फेब्रुवारी 1982 मध्ये हवाईत 23 वर्षांची ज्युली मॉस आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून गेली आणि मॉस रांगत रांगत 29 सेकंदांनी दुसरी आली. टीव्हीवर ते दृश्य पाहून कित्येक लोक या खेळाकडे वळले. एका पुस्तिकेप्रमाणे तिचा दुसरा क्रमांक पक्का, दुसरीप्रमाणे तिचं नावच यादीत नसतं. आणि ती तिथे आली होती कशासाठी? व्यायाम शरीरशास्त्राच्या पदवीच्या प्रबंधासाठी माहिती गोळा करायला.