चिंचोक्यांची रांगोळी

श्रोतेहो, दिंडोशीच्या वस्तीत दिवाळीला दारापुढे ठिपक्यांची रांगोळी निघते, तिचा नमुना काढणारीच्या मनात आधीच असतो. आजची आपली रांगोळी मात्र कुणीच योजलेली नाही.

पाटीवर पाच ओळींत पंचवीस घरे आखा. मधल्या घरात एकेक चिंचोका टाकत चला. नियम एकच : कुठल्याही घरात चार जमले, की चार शेजाऱ्यांना एकेक वाटून टाकायचे. सोळा टाकून पाहा बरं! मधले घर रिकामे, शेजारी एकेक, तिरक्या घरांत दोनदोन, अन् सरळ रेषेत दोन घरे दूर पुन्हा एकेक. शून्य ते तीन या आकड्यांना चार रंग दिले आणि हजारो दाणे ओतले, तर गालिच्यासारखी नक्षी उमटते. ते काम अर्थात संगणकाचे.

वाळूच्या ढिगाचा हा खेळ बाक, तांग व विझेनफेल्ड यांनी १९८७ साली मांडला. खरी वाळू इतकी शिस्तीची नसते, ही गोष्ट निराळी.

पण दोन घरे एकदम भरली, तर आधी कुणाचे वाटायचे? मुले यावरून भांडतीलच. उत्तर मिळाले आपल्या मुंबईत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दीपक धर यांनी १९९० साली सिद्ध केले, की क्रम कोणताही घ्या, शेवटची नक्षी तीच. त्यामुळे नुसते चित्र पाहण्याऐवजी नेमका हिशेब करता येऊ लागला. २०२२ साली त्यांना बोल्ट्झमन पदक मिळाले; हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय.

गुरुजींनी वर्गाचे दोन गट करावेत, एकाला डावीकडून नि दुसऱ्याला उजवीकडून वाटायला सांगावे, आणि दोन्ही पाट्या शेजारी ठेवाव्यात.