लब्लां घराणे आणि ग्राँ-प्रेची नोंदवही

लग्न ठरले की आपल्याकडे प्रथम धर्मग्रामाच्या कचेरीत जाऊन स्नानसंस्काराची वही उघडावी लागते. बाप कोण, आजा कोण, धर्ममातापिता कोण, हे तिच्यात एका ओळीत मावलेले असते. ती वही हरवली तर काय होईल, असा विचार आपल्या मनात सहसा येत नाही. एका फ्रेंच आडनावाचा माग काढताना आम्हांस मात्र तो वारंवार करावा लागला.

‘लब्लां’ हे ते आडनाव. ‘ब्लां’ म्हणजे पांढरा. गोऱ्या वर्णाच्या वा फिकट केसांच्या कुणा पूर्वजाला पडलेले हे टोपणनाव. असे नाव कोणत्याही गावात पडू शकते. त्यामुळे फ्रान्समधील सर्व लब्लां एका कुळाचे मानता येत नाहीत. अटलांटिकपलीकडे, आज कॅनडात असलेल्या नोव्हा स्कोशियाच्या भूमीत, गोष्ट निराळी आहे. फ्रेंचांनी त्या भूमीला ‘अकादी’ म्हटले आणि तेथे पसरलेले लब्लां घराणे दानिएल लब्लां या एकाच पुरुषापासून वाढले.

दानिएल १६५० च्या सुमारास पोर्ट-रॉयल येथे आला. फ्राँस्वाझ गोदे ही त्याची पत्नी. १६७१ साली लोराँ मोलँ या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी घरोघरी हिंडून वसाहतीची शिरगणती केली. सगळी वसाहत अवघी चारशेच्या आसपास माणसांची! पिंपे बनविणाऱ्या एका गृहस्थाने ‘माझी प्रकृती ठीक आहे’ एवढेच सांगून वय सांगण्यास साफ नकार दिला, हेही धर्मगुरूंनी प्रामाणिकपणे नोंदवले आहे. दानिएलने आढेवेढे घेतले नाहीत. वय ४५, धंदा शेती, एक मुलगी, सहा मुलगे.

शेती म्हणजे खाऱ्या दलदलीतून काढलेली. हे लोक मातीचे बांध घालीत आणि बांधाच्या पोटात लाकडी झडप बसवीत. ओहोटीला आतले गोडे पाणी बाहेर पडे, भरती आली की झडप आपोआप मिटे. आपल्या किनाऱ्यावरील खारजमिनीची उघाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अधिक सांगणे नलगे. पावसाने मीठ धुऊन जाण्यास काही वर्षे लागत. मग जमीन भरघोस पिके. याच कसबाच्या बळावर पुढील पिढ्या ग्राँ-प्रेकडे सरकल्या आणि तेथे लब्लां घरे दाटीने वसली.

१७१३ च्या उत्रेख्त तहाने अकादी इंग्रजांकडे गेली. राजनिष्ठेची शपथ घेण्यास अकादीकर तयार होते. फ्रेंचांविरुद्ध शस्त्र उचलण्यास नव्हते. चार दशके हे कसेबसे निभावले. १७५५ साली गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स याने बिनशर्त शपथेचा हट्ट धरला, आणि ५ सप्टेंबर रोजी लेफ्टनंट कर्नल जॉन विन्स्लो याने दहा वर्षांवरील सर्व पुरुषांस ग्राँ-प्रेच्या चर्चमध्ये बोलावले. ४१८ जण आले. जमिनी, घरे व गुरे सरकारजमा, आणि सर्वांनी देश सोडावा, असा हुकूम त्यांना त्यांच्याच चर्चमध्ये ऐकविण्यात आला. विन्स्लोच्या यादीत लब्लां हे आडनाव पुन्हा पुन्हा येते.

रेने लब्लां हा तेथील दस्तऐवज लिहिणारा वृद्ध नोटरी. त्याने इंग्रजांची चाकरी इमानाने केली होती; त्या कामी असताना फ्रेंचांच्या बाजूच्या आदिवासींनी त्याला धरले व तो चार वर्षे कैदेत राहिला. त्याला वीस मुले आणि सुमारे दीडशे नातवंडे. पेन्सिल्व्हेनियातील निर्वासितांनी इंग्लंडच्या राजाला केलेल्या अर्जात त्याचा शेवट सांगितला आहे. पत्नी व दोन धाकटी मुले एवढ्यांसह त्याला न्यूयॉर्कला उतरविण्यात आले. पुढे फिलाडेल्फियात आणखी तीन मुले भेटली आणि तेथेच तो वारला. लाँगफेलोने १८४७ च्या ‘इव्हँजेलिन’ काव्यात हा नोटरी आणला आहे खरा. परंतु त्या कोरड्या अर्जाने आम्हांस अधिक अस्वस्थ केले.

मॅसॅच्युसेट्सकडे गेलेल्या कित्येकांच्या वंशजांचे आडनाव पुढे इंग्रजीत ‘व्हाइट’ झाले. व्हर्जिनियाने निर्वासितांस थारा दिला नाही. त्यांना इंग्लंडच्या बंदरांत १७६३ पर्यंत अडकवून ठेवले, मग फ्रान्सला धाडले. त्यांपैकी ७८ कुटुंबे १७६५ मध्ये ब्रिटनी किनाऱ्यावरील बेल-ईल बेटावर वसविण्यात आली. दोन वर्षांनी तेथील धर्मगुरूंसमोर त्यांनी शपथेवर आपापल्या वंशावळी सांगितल्या. वह्या हाती नव्हत्या. तोंडपाठ पिढ्या होत्या. दानिएल लब्लां फ्रान्सहून आला, हे त्याच्या पणतवंडांनी तेव्हा कागदावर आणले. १७८५ मध्ये यांतलेही बरेच जण सात जहाजांतून लुइझियानाला निघाले. एकूण सोळाशेच्या घरात माणसे होती. ‘अकादियन’चे ‘केजन’ तेथेच झाले.

काही लब्लां माघारी आले. बांधलेली शेते परक्यांच्या हाती गेली होती. म्हणून न्यू ब्रन्सविकमध्ये, मेमरामकूकच्या परिसरात, त्यांनी पुन्हा बांध घातले. १९१२ मध्ये एदुआर लब्लां हे पहिले अकादी बिशप झाले. मेमरामकूकला १९२७ साली जन्मलेले रोमेओ लब्लां १९९५ ते १९९९ कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. ज्या राजसत्तेच्या नावाने हुकूम सुटला, तिचाच प्रतिनिधी एक लब्लां! त्या हद्दपारीची राजघोषणेद्वारे कबुली मात्र २००३ सालीच मिळाली.

आता त्या वहीविषयी. जहाजावर नेता येईल तेवढेच सामान घेण्याची परवानगी असताना ग्राँ-प्रेच्या लोकांनी सेंट चार्ल्स धर्मग्रामाच्या नोंदवह्या बरोबर घेतल्या. बारा वर्षे परमुलखात काढून त्या १७६७ मध्ये मेरीलँडहून आलेल्या निर्वासितांबरोबर लुइझियानातील सेंट गॅब्रिएलला पोहोचल्या. आज त्या बॅटन रूज धर्मप्रांताच्या दप्तरात आहेत. १७०७ ते १७४८ पर्यंतचे स्नानसंस्कार, विवाह व दफनविधी त्यांत आहेत. त्यापुढच्या सात वर्षांची पाने नाहीत. हुकूम सुटला तेव्हा सात वर्षांखालील जी मुले आयांच्या कडेवर वा बोटाला धरून जहाजावर चढली, त्यांच्या स्नानसंस्काराची नोंद त्या वहीत सापडत नाही.