गळ राजाचा, विद्या कोणाची?

कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. तिथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींत त्याने 'मत्स्यविनोद'ही घातला: मासे कोणते, राहतात कुठे, खातात काय, गळाला कसे लागतात. इंग्रजीत गळावरचा पहिला निबंध छापला गेला तो १४९६मध्ये.

पण माशांच्या या खोडी राजवाड्यात बसून कळत नाहीत. त्या नदीकाठच्या माणसांनीच सांगितल्या असणार. ग्रंथावर नाव मात्र राजाचं.

स्कॉटलंडच्या स्पे नदीकाठी मागे दाट झाडी, गळाची दोरी मागे उडवायला जागा नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात तिथे वेगळी रीत रुळली. दोरीचं टोक क्षणभर पाण्यावर टेकवायचं, काठीमागे दोरीची कमान करायची आणि पुढे झोकायचं. मुळात लांब, दोन हातांच्या काठीची ही रीत. आता एकहाती काठीनेही करतात. तिला नाव मिळालं नदीचं; शोधणारे इथेही निनावीच.

अंजनगाव सुर्जीच्या शहानूरकाठी एखादा म्हातारा भोई जाळं फेकताना दिसला, तर व्हिडिओ जरूर काढा. खाली त्याचं नाव लिहा.