छोटं राज्य, मोठा बाजार : झाशीची शंभर वर्षं

युक्रेन, मोल्दोव्हा, सर्बिया ही नावं तुम्ही बातम्यांत ऐकता. हे देश युरोपीय संघात जाऊ पाहताहेत. युक्रेन आणि मोल्दोव्हाला जून २०२२ मध्ये उमेदवार देशाचा दर्जा मिळाला. सर्बिया २०१२ पासून दारात उभा आहे आणि उत्तर मॅसिडोनिया तर २००५ पासून. आपल्याकडे या विषयावर बोलणं होतं ते नाटो, रशिया आणि रणगाड्यांच्या अंगानं. आयुष्य फौजेत गेल्यामुळे रणगाड्यांवर बोलायला मलाही आवडतं. पण आज बोलायचंय ते हिशेबाबद्दल. गरीब, लहान राज्य एखाद्या श्रीमंत गटाला जोडलं गेलं की तिथल्या शेतकऱ्याचं, विणकराचं आणि सावकाराकडे गहाण पडलेल्या जमिनीचं काय होतं?

याचा एक पुरा खेळ निवृत्तीनंतर मी जिथे राहतो त्या गावात होऊन गेला आहे. ते गाव झाशी. राणीसाहेबांच्या लढाईवर मराठीत भरपूर लिहिलं गेलंय, म्हणून आज लढाई बाजूला ठेवतो. लढाईच्या पन्नास वर्षं आधी आणि पन्नास वर्षं नंतर काय झालं, तेवढंच बघू.

नेवाळकर घराणं मूळचं कोकणातलं. पेशव्यांचे सुभेदार म्हणून ते बुंदेलखंडात आले. पुण्याची सत्ता ढासळताना शिवरावभाऊंनी १८०४ साली इंग्रजांशी करार केला. १८१७ मध्ये पेशव्यानं बुंदेलखंडावरचे हक्क सोडले आणि त्याच वर्षी कंपनीनं झाशीशी नवा करार करून रामचंद्ररावांना वंशपरंपरागत राज्यकर्ते म्हणून मान्यता दिली. १८३२ मध्ये बेंटिंकनं त्यांना महाराजा केलं आणि सोबत किताब दिला, ‘फिदवी बादशाह जमजाह इंग्लिस्तान’, म्हणजे इंग्लंडच्या थोर बादशहाचा निष्ठावान सेवक. किल्ल्यावर युनियन जॅक लावायची परवानगीही मिळाली. आज एखाद्या देशात सरकारी इमारतीवर राष्ट्रध्वजाशेजारी युरोपचा निळा झेंडा दिसतो, तेव्हा मला हे हमखास आठवतं.

म्हणजे पहिली पन्नास वर्षं झाशी स्वतःहून त्या मोठ्या सत्तेच्या बाजूला सरकत होती आणि त्यात वेडेपणा काही नव्हता. आजूबाजूला पेंढारी, दोन्ही अंगांना ओरछा-दतियासारखे जुने हक्कदार, जमीन खडकाळ, पाऊस बेभरवशाचा. मोठ्याचा हात धरला की निदान सरहद्द शांत राहते. पण तिजोरी सावरली नाही. रघुनाथरावांच्या काळात राज्य इतकं कर्जात बुडालं की १८३८ नंतर काही वर्षं इंग्रजांनी कारभार स्वतःकडे घेतला. गंगाधररावांना तो परत मिळाला तो फौजेच्या खर्चापोटी मुलखाचा एक तुकडा तोडून देऊन. कर्जबाजारी राज्याचा कारभार बाहेरून आलेली माणसं बघतात आणि खर्चाला कात्री लावून किल्ल्या परत देतात, हे २०१० नंतर ग्रीसनंही पाहिलं.

२१ नोव्हेंबर १८५३ रोजी गंगाधरराव गेले. मार्च १८५४ मध्ये डलहौसीनं झाशी खालसा केली. इथून तुलना तुटते, हे स्पष्ट सांगतो. युरोपात कोणी कोणाला खालसा करत नाही. देश अर्ज करतो, त्याची संसद ठराव करते, बहुतेक ठिकाणी लोक मतदान करतात. झाशीला कोणी विचारलं नाही. तरीही पैशाच्या बाजूनं जे घडलं ते बघण्यासारखं आहे, कारण बाजार हा संमतीनं आला काय नि जबरीनं आला काय, आत आल्यावर सारखाच वागतो.

पहिला फटका नोकऱ्यांना बसला. संस्थानची फौज मोडली. राणीला महिना ५,००० रुपये तनखा ठरला आणि त्यातूनच नवऱ्याचं कर्ज फेडा असं सांगण्यात आलं. महालक्ष्मीच्या देवळाला लावून दिलेली गावं काढून घेतली गेली. दरबार म्हणजे नुसता थाट नसतो. शिंपी, सोनार, मोतद्दार, हलवाई, तोफखान्याचा लोहार, सगळ्यांचं गिऱ्हाईक एका दिवसात नाहीसं झालं. वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये त्या वेळच्या झाशीचं वर्णन केलंय. ते वाचताना हे भरलेलं गाव डोळ्यांसमोर येतं आणि एप्रिल १८५८ च्या लुटीनंतर त्याचं काय झालं तेही.

दुसरा फटका हळू आला आणि जास्त खोल गेला. मराठी अमलात गावचा मुख्य जमीन कसायचा, वसूल द्यायचा. पण जमीन विकायचा किंवा गहाण टाकायचा पक्का मालकीहक्क त्याच्याकडे नव्हता. इंग्रजांनी त्याला मालक केलं. कागदावर ही बढतीच. आता जमीन त्याच्या नावावर, दिवाणी कोर्ट त्याच्यासाठी खुलं. पण जमीन नावावर आल्यामुळेच ती गहाण ठेवता येऊ लागली आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यानं जाऊही लागली. सारा रोख भरायचा, ठरलेल्या तारखेला. साऱ्याचा आकडा प्रत्येक वेळी जाचकच होता असं मी म्हणणार नाही. जाच होता तो ताठरपणाचा. बुंदेलखंडात पाच वर्षांत दोन वर्षं पीक बुडतं हे जुन्या अंमलदाराला ठाऊक असायचं; तो कधी सोडायचा, कधी ओरबाडायचा. नवीन खातं पंचांगासारखं चालायचं. त्यात १८५७-५८ च्या धामधुमीत बंडवाल्यांनी वसूल नेला आणि शांतता झाल्यावर इंग्रजांनी काही गावांकडून तो पुन्हा मागितला. मग १८६८-६९ चा दुष्काळ. सावकाराची वही भरत गेली.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात बोचते. झाशीच्या पूर्वेला मौरानीपूर आहे. तिथला ‘खारुआ’ नावाचा लाल जाडाभरडा कपडा दूरदूरच्या बाजारात जायचा. त्याचा रंग आलच्या मुळांतून निघायचा. महाराष्ट्रात आपण त्या झाडाला बारतोंडी म्हणतो. काळ्या जमिनीत आल लावायचा, तीन-चार वर्षं थांबायचं, मग खोल खणून मुळं काढायची. शेतकरी, खणणारा, रंगारी, विणकर, व्यापारी अशी ती साखळी. १८६८-६९ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतला लाल रंग प्रयोगशाळेत तयार केला आणि मग कारखान्यांतले स्वस्त रंग जगभर निघाले. मौरानीपूरच्या रंगाऱ्यानं काही चूक केली नव्हती. त्याचा माल वाईट नव्हता. फक्त तो आता अशा बाजारात उभा होता जिथं ऱ्हाईनकाठचा कारखाना त्याचा शेजारी झाला होता.

आणि काळ्या जमिनीवर एक शत्रू टपलेलाच होता, कांस. पावसाळ्यानंतर पांढरे तुरे डोलतात ते हे गवत. नांगरट ढिली पडली, बैल मेले, शेतकरी परागंदा झाला की ते शिरतं. मुळं इतकी खोल जातात की देशी नांगराला दाद देत नाहीत. दहा-पंधरा वर्षं जमीन पडीक राहते, मग ते आपसूक मरतं. कर्ज, दुष्काळ, स्थलांतर आणि कांस एकमेकांचा हात धरून येत. आमच्या व्यवसायात म्हणतात की रसद तुटली की मोर्चा आपोआप पडतो. इथं गावंच्या गावं तशी पडली.

याच्या भरीला सरहद्दींचा घोळ. झाशीचं शहर आणि किल्ला १८६१ मध्ये शिंद्यांना देऊन टाकला आणि जिल्ह्याची कचेरी तटाबाहेर ‘झाशी नौआबाद’मध्ये. बाजार एका राज्यात, कोर्ट दुसऱ्यात. १८८६ मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला आणि मुरार देऊन झाशी परत आली. लगेच रेल्वे आली : १८८९ च्या सुमारास इंडियन मिडलँडच्या मार्गांनी झाशी आग्रा, भोपाळ, कानपूर आणि माणिकपूरशी जोडली गेली, १८९५ मध्ये कारखाना निघाला. शहराला नवं पोट मिळालं, हे मान्यच करायला हवं. मोठ्या घराशी जोडलं जाण्याचा फायदा दिसतो तो असा. पण पुढच्याच वर्षी, १८९६-९७ च्या दुष्काळात, रूळ असूनही बुंदेलखंड होरपळला. रुळांवरून धान्य येत होतं, विकत घ्यायला हातात पैसा नव्हता.

सरकारला हे कळलं नाही असं नाही. १८८२ मध्ये ‘झाशी एन्कम्बर्ड इस्टेट्स अॅक्ट’ झाला. खास न्यायाधीश नेमून कर्जं तपासायची, फुगलेलं व्याज छाटायचं, सरकारी कर्जातून सावकार भागवायचा. १९०३ मध्ये, पंजाबचा १९०० चा कायदा समोर ठेवून, बुंदेलखंडात शेतकरी जातींची जमीन बिगरशेतकऱ्याच्या हाती कायमची जाऊ नये असा कायदा आला. खालसा होऊन तोवर एकोणपन्नास वर्षं झाली होती.

आता पोलंडकडे बघा. २००४ मध्ये युरोपीय संघात जाताना त्यांनी वाटाघाटीत अट घातली : संघातल्या इतर देशांच्या नागरिकांनी आमची शेतजमीन खरेदी करण्यावर बारा वर्षं निर्बंध राहतील. भीती अगदी बुंदेलखंडी, की श्रीमंत शेजारी पैसे घेऊन येईल आणि गरीब शेतकऱ्याचा सातबारा जाईल. मुदत २०१६ मध्ये संपत आली तेव्हा पोलंडच्या संसदेनं शेतजमिनीच्या विक्रीवर स्वतःचा कडक कायदा करून घेतला. शिवाय संघात जाण्याआधीपासून रस्ते, शेती, कचेऱ्या सुधारायला युरोपचा पैसा येत होता. झाशीला १९०३ मध्ये जे मिळालं ते पोलंडनं आत पाऊल टाकायच्या आधी लिहून घेतलं. कारण पोलंड टेबलाच्या पलीकडे बसला होता आणि त्याला ‘नाही’ म्हणता येत होतं.

१९९३ च्या कोपनहेगन निकषांत एक वाक्य उमेदवार देशांसाठी सगळ्यात अवघड आहे : संघातल्या स्पर्धेचा दाब सोसण्याची ताकद अर्थव्यवस्थेत हवी. मोल्दोव्हानं दाराबाहेरच हा दाब चाखलाय. रशियानं २००६ मध्ये त्यांच्या वाईनवर बंदी घातली आणि एका पिकावर, एका गिऱ्हाइकावर उभा असलेला देश हादरला. मौरानीपूरचा लाल रंग आणि मोल्दोव्हाची वाईन, यांत मला फार फरक दिसत नाही. आणि आत गेल्यावर माणसं जातात. बल्गेरिया २००७ मध्ये सदस्य झाला; साम्यवादी राजवट संपताना जवळजवळ नव्वद लाख असलेली लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे पासष्ट लाखांवर आली. त्यातली बरीच घट आधीची आहे, जन्मदराचीही आहे. पण तरुण पोरगा जर्मनीत गेला की गावची शाळा बंद पडते, हे तिथल्या कुठल्याही बसस्टँडवर कळेल.

स्वातंत्र्यानंतर झाशी उत्तर प्रदेशात राहिली. शेजारची संस्थानं १९४८ मध्ये विंध्य प्रदेशात गेली आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात. राज्य पुनर्रचना आयोगावर असलेल्या सरदार पणिक्करांनी भिन्न मतपत्रिकेत म्हटलं होतं की उत्तर प्रदेश फार अवाढव्य आहे, झाशी विभागासह त्याचा पश्चिम भाग वेगळा करावा. ते झालं नाही. आज ओरछा पंधरा-वीस किलोमीटरवर आणि दुसऱ्या राज्यात. २००९ मध्ये दोन्ही राज्यांतल्या तेरा जिल्ह्यांसाठी ७,२६६ कोटींचं बुंदेलखंड पॅकेज मंजूर झालं. २०२२ मध्ये बुंदेलखंड एक्स्प्रेसवे खुला झाला. तो चित्रकूटहून इटाव्याला जातो आणि झाशी जिल्ह्याला स्पर्शही करत नाही, याचं इथल्या लोकांना हसूही येतं आणि रागही. संरक्षण कॉरिडॉरच्या सहा ठिकाणांत मात्र झाशी आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये भारत डायनॅमिक्सच्या कारखान्याची पायाभरणी इथेच झाली.

फौजी म्हणून त्या पायाभरणीचा मला आनंद झाला. पण जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला मोबदल्याचा धनादेश मिळाल्यावर पुढं काय, त्याच्या पोराला आयटीआय कुठं, कारखान्याला सुटे भाग पुरवणारी लहान वर्कशॉपं मौरानीपूर-गरौठ्यात उभी राहणार की कानपूरहून माल येणार, हे मी भेटेल त्या अधिकाऱ्याला विचारतो. रोज संध्याकाळी झाशी स्टेशनवर दिल्ली आणि सुरतेकडे जाणारी पोरं गोण्या-पिशव्या घेऊन बसलेली असतात. १८८९ मध्ये घातलेल्या रुळांवरचा सगळ्यात मोठा माल आज तोच आहे.