मनगटातील मज्जातंतू : एका दुर्लक्षित व्याधीचा इतिहास

रात्री अंगठा व शेजारची बोटे बधिर होऊन झोपमोड व्हावी, हात झटकताच बरे वाटावे, ही तक्रार परळी वैजनाथ परिसरात बहुधा ‘वात’ म्हणून अंगावर काढली जाते. वस्तुतः या व्याधीचा इतिहास दीड शतकाहून जुना आहे. इ. स. १८५४ मध्ये इंग्लंडचे शल्यविशारद जेम्स पॅजेट यांनी मनगट मोडलेल्या रुग्णाच्या हातातील मज्जातंतू दाबला गेल्याची नोंद केली. इ. स. १९१३ मध्ये पॅरिसच्या मारी व फ्वा यांनी शवविच्छेदनातून मनगटाच्या बोगद्यातील पट्ट्याखाली दबलेला मज्जातंतू दाखविला आणि तो पट्टा छेदण्याचा उपाय सुचविला. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेचे जॉर्ज फेलन यांनी मनगट मिनिटभर वाकवून पाहण्याची सोपी चाचणी रूढ केली.

बधिरता म्हणजे कुष्ठरोग, या भयाने कित्येकांनी आपला हात लपविला. परंतु या व्याधीत करंगळी बहुधा सुटते. कुष्ठरोगात पुष्कळदा तीच प्रथम बधिर होते. दोन्हींवर उपचार आहेत. मात्र अंगठ्याच्या मुळाशी असलेले मांस झिजल्यावर गेलेली शक्ती पूर्ण परततेच असे नाही. जवळच्या अंबाजोगाईस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असताना संकोचापायी हात गमावू नये, हाच या इतिहासाचा बोध होय.